दारात उभी अदी

अदीच्या घरात बसून मला महत्त्वाचं असं कधीच काही कळलं नाही. जे कळलं ते तिच्या दारात, एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अजून चप्पल शोधतोय अशा अवस्थेत. आत सोफ्यावर तासन्‌तास गप्पा व्हायच्या. भाजी, पाणी, लेकीची शाळा, वरच्या मजल्यावरच्या भाभीचा नवा मिक्सर. सगळं बोलून व्हायचं, आम्ही उठायचो, अदी दारापर्यंत यायची, चौकटीला खांदा टेकवायची आणि म्हणायची, "आणि हो..."

त्या "आणि हो"च्या पुढे जे यायचं त्याने माणूस जागच्या जागी थिजायचा. माझी मैत्रीण वंदना म्हणायची, "हिच्या जिन्याला कठडा आहे म्हणून आपण अजून धडधाकट आहोत."

अदी म्हणजे सिंधीत बहीण. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या त्या बिल्डिंगमध्ये लहानथोर सगळे तिला अदीच म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. आमची ओळख शिकवणीमुळे झाली. मी बदलापूरच्या कुळगावची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीवर जात आणि पावसाळ्यात उरलेल्या तुकड्यात भात लावत. मी उल्हासनगरला बी.ए. करत होते आणि वरखर्च निघावा म्हणून अदीच्या मुलीला मराठी शिकवत होते. कोमल तेव्हा तिसरीत होती. घरात सिंधी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. मराठीचा पेपर जवळ आला की तिला खरोखरचा ताप यायचा. माझ्या वर्गातली वंदना अंबरनाथची. तिला एकटीने घरी जायचा कंटाळा, म्हणून तीही माझ्याबरोबर येऊन बसायची.

आम्ही कोमलला शिकवत असताना अदी समोर जीन्सचा ढीग घेऊन बसलेली असायची. शिवून आलेल्या पँटींचे लोंबते धागे छोट्या कातरीने कापायचे, हे काम उल्हासनगरात कितीतरी बायका घरी बसून करतात. तिची कातरी चालू असायची आणि मान खाली. मला वाटायचं, हिचं काही लक्ष नाही. वर्ष संपत आलं तेव्हा एक दिवस मी निघाले, चप्पल घातली आणि अदी चौकटीला टेकली.

"आणि हो, मास्तरीण, मी पण बसते आहे बारावीला. बाहेरून. कोमलला सांगू नको. नापास झाले तर हसेल मला."

वर्षभर मी मुलीला शिकवते आहे असं समजत होते, आणि शिकत होती आई. अदी पास झाली. मराठीत तिला कोमलपेक्षा जास्त मार्क पडले हे तिने कोमलला पुढे आयुष्यभर ऐकवलं. आमच्या मागोमाग ती बी.ए.सुद्धा झाली. मला ती अजूनही "मास्तरीण"च म्हणते. मी खरोखरची शिक्षिका झाले ते नंतर. पहिल्यांदा मला तसं कोणी म्हटलं असेल तर ते अदीने.

तिच्या घरातली मुख्य वस्तू म्हणजे तो सोफा. मरून रंगाचा, मधे खचलेला, भिंतीला लावलेला. खिडकीकडचा कोपरा अदीचा. सकाळचा चहा ती तिथे घ्यायची, धागे तिथेच कापायची, दुपारी तिथेच डुलकी काढायची. त्या कोपऱ्याच्या बरोबर वर छताला एक बारीक भेग होती. कोमल तिला नदी म्हणायची आणि भूगोलाचा अभ्यास करताना तिला नावं द्यायची. ती भेग आम्ही पहिल्यापासून पाहत होतो. दर पावसाळ्यात नदीला नवी उपनदी फुटायची.

आमच्यातलं कोणी प्रवासाला निघालं की अदीकडून कोकी यायची. कोकी म्हणजे कांदा घातलेली जाड, खरपूस पोळी. सिंधी घरांतून प्रवासाला निघणाऱ्याला ती बांधून देतात, दोन दिवस टिकते. अदीचा नियम साधा होता. कोकी घेऊन जायची आणि परत आल्यावर येऊन सगळं सांगायचं. वंदनाचं लग्न एका कारखान्यातल्या ऑफिसरशी झालं, त्यामुळे ती दर मे महिन्यात कुठे ना कुठे जायची. सिमला झालं, केरळ झालं, एकदा सिंगापूरही झालं. माझ्या वाट्याला शाळेच्या सहली. पण गणपतीपुळे असो की सिंगापूर, अदीसमोर दोघींना सारखीच हजेरी द्यावी लागायची.

फोटो तिला नको असायचे. वंदना फोन पुढे करायची, तर अदी तो बाजूला सारायची. "फोटोत तूच आहेस सगळीकडे. तुला तर मी रोज बघते. सांग ना, तिथल्या बायका कपडे कुठे वाळत घालतात?"

हा तिचा ठरलेला प्रश्न. पहिल्यांदा आम्ही हसलो. मग लक्षात आलं की उत्तर दिल्याशिवाय ही सोडणार नाही. कुठे अंगणात बांबूला, कुठे कुंपणाच्या तारेवर, सिमल्यात छपराखाली, सिंगापूरला खिडकीबाहेर काठीवर. उत्तर मिळालं की ती डोळे मिटून मान हलवायची, जणू आता ते गाव तिला पूर्ण दिसलं. हळूहळू आम्हालाही सवय लागली. मुलांची सहल रत्नागिरीला गेली तेव्हा सगळी मुलं समुद्राकडे पळाली आणि मी एका घराच्या परसात दोरी शोधत उभी होते.

तिची स्वतःची दोरी गॅलरीत होती. निळी, नायलॉनची. ती म्हणायची, "दोरीवर कपडे असले की कळतं, घरात माणूस आहे."

आम्ही शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजची सहल कोंडेश्वरला गेली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी अदीकडे गेलो आणि तासभर धबधबा सांगत बसलो. कोण घसरलं, कोणाचा डबा वाहून गेला, सगळं. अदी खळखळून हसली, दोनदा चहा केला. मग दारात आली.

"आणि हो, कोमलचे पप्पा गेले."

वंदनाच्या हातातली पर्स खाली पडली.

"अगं, गेले म्हणजे आहेत," अदी म्हणाली. "जिवंत आहेत. फक्त इथून गेले. जयपूरला. तिकडे दुसरं घर केलंय त्यांनी."

"कधी?" मी कसंबसं विचारलं.

"मागच्या आठवड्यात."

"आणि तू तासभर आमचा धबधबा ऐकत बसलीस?"

"छान होता की," अदी म्हणाली आणि खाली वाकून वंदनाची पर्स उचलून तिच्या हातात दिली.

आम्ही दोघी जिन्यात बसून रडलो. वर दार बंद झाल्याचा आवाज आला आणि मग कुकरची शिट्टी.

त्याच वर्षी माझ्यासाठी मुरबाडकडचं एक स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांना घाई होती, आत्याला त्यांच्याहून जास्त. परीक्षा तोंडावर होती आणि घरात कोणी परीक्षेचं नावही काढत नव्हतं. मी अदीला फक्त एवढंच बोलले होते की कदाचित पुढच्या महिन्यापासून येणं होणार नाही. त्या रविवारी अदी कुळगावला आमच्या घरी हजर. सिल्कचा पंजाबी ड्रेस, हातात मिठाईचा डबा. बाबा अंगणात बसले होते, ते गडबडून उभेच राहिले.

तिने बाबांशी भाताविषयी गप्पा मारल्या. कुठलं बी, किती पाणी, उंदीर किती खातात. माझा विषयच नाही. मी आत चहा करताना रडकुंडीला आले होते. मला वाटलं, आली आणि काही न बोलता निघाली. मग तिने दारात सँडल घातले.

"आणि हो, भाऊ, मास्तरीणचं लग्न परीक्षा झाल्यावरच बघा. पोरगी शिकलेली असली की जावई जरा घाबरून राहतो."

बाबा हसले. मी त्यांना परक्या बाईसमोर असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "बरं बाय, बघू," म्हणाले. आणि त्यांनी खरंच मुरबाडला थांबायचा निरोप धाडला. ते थांबले नाहीत, आणि मी पदवीधर झाले.

पुढे एकदा मी तिला विचारलं की तू सगळं दारातच का सांगतेस? ती धागे कापत म्हणाली, "तुझ्या बाबांना आत बसून सांगितलं असतं तर ते माझ्याशी वाद घालत बसले असते. आपल्या घरात, आपल्या खाटेवर बसलेला माणूस ऐकत नाही. दारात पाहुण्याला निरोप द्यायचा असतो, तेव्हा तो 'बघू' म्हणतोच."

"आणि कोमलच्या पप्पांचं?"

कातरी थांबली. "ते आत सांगितलं असतं तर तुम्ही बसून राहिला असतात. चहा थंड झाला असता, तुमची तोंडं उतरली असती आणि मग मलाच तुमची समजूत काढावी लागली असती. दारात सांगितलं की तुम्ही जिन्यात रडता. माझा सोफा कोरडा राहतो."

वर्षं गेली. कोमल लग्न होऊन इंदूरला गेली. मी बदलापूरच्याच एका शाळेत लागले, बाबांच्या जागेवर आम्ही दोन मजली घर बांधलं. तिघींच्या हातात स्मार्टफोन आले आणि वंदनाने ग्रुप काढला, "कोकी एक्सप्रेस". अदीला टाइप करायचा कंटाळा, ती बोलून पाठवायची. आज भेंडी केली, पाणी आलं नाही, समोरच्या दुकानदाराने नवीन बोर्ड लावला, त्यावर त्याच्या बायकोचा फोटो आहे आणि तो तिच्यासारखा अजिबात दिसत नाही. आणि अगदी शेवटी, आता संपलं असं वाटत असताना, "आणि हो..." वंदना तर आधी शेवटच ऐकायची आणि मग, जीव भांड्यात पडला तर, भेंडीपासून सुरुवात करायची.

अशाच एका भेंडीच्या शेवटी आम्हाला कळलं की बिल्डिंगवर धोकादायक म्हणून नोटीस लागली आहे.

आम्ही दोघी दुसऱ्याच दिवशी तिच्याकडे धावलो. पाहते तर छताखाली एक जुनी साडी चारी कोपऱ्यांना खिळ्यांना बांधून ताणलेली. मधे ती वजनाने खाली आली होती. आत प्लास्टरचे तुकडे साचले होते. खाली तिच्या कोपऱ्यात अदी चहा पीत बसलेली.

"हे काय आहे?" वंदना ओरडली.

"तंबू. चहात पडत होतं ना."

"अदी, अगं, छत पडतंय तुझ्या डोक्यावर! आजच्या आज ऊठ इथून. माझ्याकडे चल."

"आणि मग?" अदी म्हणाली. "पहिल्या मजल्यावरचे गेले भाड्याने राहायला. आता बिल्डर कोण, नवीन बिल्डिंग कधी, त्यांना कोणी उभं करत नाही. जो उठला त्याची खोली गेली. कोमल बोलावते, पण जावयाच्या घरात मी दाराकडे तोंड करून बसू की भिंतीकडे?"

आम्ही भांडलो, रडलो, अबोला धरला. तिच्यावर काही परिणाम नाही. मी रोज सकाळी शाळेत निघताना ग्रुपवर पाहायचे. तिचा "आज दुधी" ऐकू आला की मगच पायात चप्पल घालायचे. इतकी वर्षं तिच्याकडे गावोगावच्या गोष्टी नेल्या, आणि ज्या एका जागेहून तिला हलवायचं होतं तिथून ती हलत नव्हती.

शेवटी वंदनाने तिचंच हत्यार तिच्यावर चालवलं. एकदा आम्ही तिच्याकडून निघालो, वंदनाने चप्पल घातली, चौकटीला टेकली आणि म्हणाली, "आणि हो, शनिवारी आपण तिघी दिवेआगरला जातोय. गाडी ठरवलीय. तुझीही खोली सांगितलीय."

आयुष्यात पहिल्यांदा अदीच्या दारात ते दोन शब्द दुसऱ्या कोणी म्हटले होते. "बघू," अदी म्हणाली. मग आम्ही तिघी इतक्या हसलो की वरची भाभी बाहेर आली.

दिवेआगरला आम्ही एका घरगुती राहण्याच्या ठिकाणी उतरलो. नारळी-पोफळीची वाडी, मागे वाट, वाटेच्या टोकाला समुद्र. अदी गाडीतून उतरली आणि समुद्र सोडून आधी परसात गेली. तिथे सुपारीच्या दोन झाडांना दोरी बांधलेली होती, त्यावर घरमालकिणीच्या साड्या. अदी बराच वेळ तिथे उभी होती. "सुपारीला," मला म्हणाली. "हे तू कधी सांगितलं नव्हतंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला तिला फोन आला. ती फोन घेऊन वाडीत गेली. आमच्याकडे पाठ होती. सिंधीत दोन-चार वाक्यं बोलली, बाकी ऐकत राहिली. परत आली तेव्हा मी विचारलं, "कोण होतं?"

"वरची भाभी. विचारत होती, समुद्र कसा आहे."

मग तो सगळा दिवस अदी जशी वागली तशी मी तिला कधी पाहिली नव्हती. ओढणी कमरेला खोचून ती गुडघाभर पाण्यात गेली. लाट आली की ओरडायची. उकडीचे मोदक खाल्ले आणि मालकिणीला सांगितलं की तुमच्यात तूप कमी पडतं. वाळूत बसून तिने वंदनाच्या नवऱ्याच्या ढेकरांची नक्कल केली. निघायच्या आधी पुन्हा एकदा एकटी पाण्यापर्यंत गेली आणि उभी राहिली. वंदना म्हणाली, "बघ, उगीच इतकी वर्षं हिला घरात ठेवलं."

परतताना पनवेलवरून आम्ही आधी बदलापूरला आलो. दिवे लागायची वेळ होती. माझ्या घरासमोर गाडी थांबली, मी उतरले, पिशव्या काढल्या, दोघींना हात केला. अदीने गाडीची काच खाली घेतली.

"आणि हो, मास्तरीण, मी आज तुझ्याकडेच राहिले तर चालेल?"

"अगं, विचारतेस काय! उतर की."

"नाही, म्हणजे काही दिवस. माझ्या घराचा स्लॅब पडला सकाळी."

मला आठवतं, माझ्या हातातली पिशवी तशीच वर धरलेली होती. वंदना गाडीच्या दुसऱ्या बाजूने उतरून आली, तिला नीट ऐकू गेलं नव्हतं. "काय पडलं?"

"स्लॅब. वरच्या भाभीची मोरी खाली आली, नळासकट. कोणाला काही झालं नाही. भाभी तेव्हा गॅलरीत होती. फक्त सोफा गेला."

"तुझा कोपरा?"

"तोच."

चहाच्या वेळेला. वंदना तिथेच रस्त्यावर मटकन बसली. मग मी एकदम चिडले. का चिडले ते मला आजही सांगता येणार नाही. "आणि तू दिवसभर खेळत होतीस? लाटांत? मोदकांना नावं ठेवत होतीस? आम्हाला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

अदी गाडीतून उतरली. तिच्या पायांना अजून वाळू होती. "घर तर पडलंच होतं," ती म्हणाली. "तुमचा समुद्र कशाला पाडू?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी कॅम्प चारला गेलो. बिल्डिंगभोवती पट्ट्या बांधल्या होत्या. रस्त्याच्या कडेला माणसं गाद्या, सिलिंडर, टीव्ही घेऊन बसली होती. खालून अदीचा हॉल दिसत नव्हता, पण गॅलरी दिसत होती, जशीच्या तशी. निळ्या दोरीवर तिचे कपडे वाळत होते. जाताना ती धुऊन घालून गेली होती. मागे घर नव्हतं आणि पुढे कपडे वाऱ्यावर हलत होते. मला तिचं ते वाक्य आठवलं आणि मी नजर वळवली.

हेल्मेट घातलेला एक तरुण एकेका घरातलं निकडीचं सामान आणून देत होता. तो अदीला म्हणाला, "मावशी, आत जास्त जाता येत नाही. दागिने, कागद, काय असेल ते एकदाच सांगा."

"कागद माझ्या पर्समध्ये आहेत," अदी म्हणाली. "तू दोरीवरचे कपडे काढून आण, बेटा. आता वाळले असतील."

त्याने आमच्याकडे पाहिलं. तो गेला आणि कपड्यांचा बोळा घेऊन आला. अदीने तो गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि एकेक कपडा घडी करू लागली. कुर्ता, उशीचे अभ्रे, टॉवेल. शेवटी पिवळी ओढणी. ती तिने सवयीने झटकली, तर पांढरी धूळ भसकन उडाली आणि आमच्या तिघींच्या अंगावर बसली. अदी हाताला लागलेल्या धुळीकडे पाहत राहिली.

"बघ मास्तरीण," ती म्हणाली. "छत."

मग तिने ओढणी पुन्हा झटकली नाही. तशीच घडी घातली.

ती आमच्या वरच्या खोलीत राहिली. ती खोली आम्ही भाड्याने द्यायची म्हणून काढली होती. आल्या आठवड्यातच तिने गॅलरीत दोरी बांधली आणि बाबांनाही ऐकवलं, दोरीवर कपडे असले की कळतं, घरात माणूस आहे. बाबा आता थकले आहेत, खाली खाटेवर असतात. अदी रोज त्यांच्याजवळ बसून पेपर वाचून दाखवायची आणि बातम्यांत आपल्या पदरची भर घालायची. बाबांना ते कळायचं, पण ते बोलायचे नाहीत. कॅम्प चारची बिल्डिंग महिन्याभरात पाडली. ती पाहायला अदी गेली नाही.

मग कोमल आली. आईला न्यायचंच म्हणून आली, आणि या वेळी अदीने वाद घातला नाही. मला तोच धक्का मोठा वाटला. ती भांडेल, कारणं काढेल, असं मी धरून चालले होते. तिने मुकाट्याने बॅग भरली.

निघायच्या दिवशी वंदनाही आली होती. रिक्षा उभी होती. अदी दारात आली, सँडल घातले, चौकटीला खांदा टेकवला. आम्ही सगळे थांबलो. कोमलसुद्धा थांबली. अदीने माझ्याकडे पाहिलं, वंदनाकडे पाहिलं.

"काही नाही गं," ती म्हणाली. "आज खरंच काही नाही."

तेवढ्यात खाटेची करकर ऐकू आली. बाबा भिंतीला धरून धरून दारापर्यंत आले. त्यांना तेवढ्याने दम लागला होता. ते चौकटीच्या दुसऱ्या बाजूला टेकले.

"आणि हो, बाय," ते म्हणाले, "वरची खोली आता भाड्यानं द्याची नाय. मी ठरवलाय तसा."

घरात असं काही ठरलेलं नव्हतं. अदीने त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं, ते त्या दारात पाहिलं.

"बरं भाऊ," ती म्हणाली. "बघू."

इंदूरहून तिचे निरोप येऊ लागले. पोहे, जिलेबी, लिफ्ट, जावयाचा स्वभाव चांगला आहे. तिथे म्हणे दाराला बारीक काच असते, आधी त्यातून बघतात आणि मग उघडतात. निरोप देताना कोणी उभं राहत नाही, लिफ्ट आली की माणूस गेला. मी प्रत्येक निरोप शेवटपर्यंत ऐकायचे. वंदनाही ऐकायची. शेवटी फक्त "चल, ठेवते" यायचं. आयुष्यभर जिच्या "आणि हो"ला आम्ही घाबरलो, ते आता येत नव्हतं. वंदना मला फोन करून विचारायची, "तुला तरी आलं का?"

परवा दुपारी शाळेच्या मधल्या सुट्टीत तिचा लांबलचक निरोप आला. भेंडी होती, नातवाचा खोकला होता, खालच्या बागेत भेटलेली एक मराठी बाई होती. संपला असं वाटलं, मी फोन ठेवणार होते.

"आणि हो, मास्तरीण. दिवाळीनंतर येते. दोरी काढली नसशील ना?"

शिक्षकांच्या खोलीत मी इतक्या जोरात उठले की खुर्ची मागे पडली. शाळा सुटल्यावर घरी गेले आणि पिशवीसुद्धा न ठेवता वरच्या गॅलरीत गेले. खरं सांगायचं तर अदी गेल्यापासून मी तिकडे फिरकले नव्हते. दोरी होती. आणि दोरीवर एक टॉवेल वाळत होता, बाबांचा. रोज शाळेतून आल्यावर तो खाटेपाशी का दिसत नाही, ते आत्ता कळलं. ज्यांना खाटेवरून दारापर्यंत येताना धाप लागते ते बाबा, मी शाळेत गेले की जिना चढून जात होते, आणि रोज तो टॉवेल धुऊन तिथे घालत होते.